मुक्या घंटेचा शनिवार

आमच्या मिशनचे फादर वसईकडचे. त्यांची मराठी आमच्या वस्तीला पुस्तकातली वाटायची. ते बोलायला लागले की बायका पदर सावरून बसायच्या आणि पुरुष उगाच गंभीर चेहरा करायचे. रविवारची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, संपली की फादर झगा उतरवून बाहेर लिंबाखाली यायचे आणि म्हणायचे, "थोडं बसू या." देवळातला उपदेश वेगळा आणि हे लिंबाखालचं बोलणं वेगळं. इथं मध्येच प्रश्न विचारला तरी चालायचं. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, त्यामुळं फादरही देऊळच म्हणायला लागले होते.

लिंबाखाली ते बहुतेक देवळाच्या हंगामांबद्दल बोलत. शेताला जसे खरीप आणि रब्बी, तसे देवळालाही हंगाम असतात, असं त्यांचं म्हणणं. नाताळाआधीचे आठवडे वाट बघण्याचे, तेव्हा झगा जांभळा. नाताळाला पांढरा. मग राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की पुन्हा जांभळा, तो थेट पुनरुत्थानाच्या सणापर्यंत. मधले सगळे साधे रविवार हिरवे.

"हिरवा काळ सगळ्यात लांब असतो," ते एकदा म्हणाले. "त्या काळात देवळात विशेष काही घडत नाही. पण श्रद्धा बहुतेक करून अशीच वाढते, काही न घडता."

पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "फादर, तुमी झगा हिरवा घालता खरं, पर रानात कुटं हिरवं दिसंना की वो."

सगळे हसले. फादरही हसले. ते दुष्काळाचं वर्ष होतं. कालव्याचं पाणी कोल्हारच्या बाजूनं येतं आणि आमच्या शिवाराच्या अलीकडंच संपतं, त्यामुळं आमच्याकडं चांगल्या वर्षातही फार हिरवं नसतं. त्या वर्षी तर लिंबाचा पालासुद्धा शेळ्यांनी तोंड पुरतं तिथवर संपवला होता. उपवासाचा काळ सुरू झाला तेव्हा एक जण मागून ओरडला, "फादर, तुमचा उपास चाळीस दिसांचा. आमचा सरकारनं वरीसभराचा लावलाय. आमाला काय जास्तीचं पुन्य हाय का न्हाई?" फादरनी नुसती मान हलवली आणि जमिनीकडं बघत राहिले.

मी हे सगळं का सांगतो आहे, ते मला नीट जुळवता येईल की नाही, ठाऊक नाही. मी नगरला बी.ए.च्या वर्गात शिकतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय आहे ती परीक्षेपुरती. पण गेल्या वर्षी माझे वडील गेले, आणि ते ज्या दिवशी गेले त्या दिवसाबद्दल फादर काय बोलले आणि आमच्या घरात काय झालं, ते कुणीतरी लिहून ठेवावं असं मला वाटत राहतं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा विहिरी खोदायचे. पहार, टिकाव आणि सुरुंग, यात त्यांचं आयुष्य गेलं. दुष्काळात सगळीकडं आहेत त्या विहिरी आणखी खोल करायचं काम निघालं, आणि दादांना कधी नव्हे इतकं काम मिळालं. खाली उतरायचं, दगडाची धूळ खायची, वर यायचं. संक्रांतीच्या सुमारास त्यांना खोकला धरला. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी औषधं दिली, मग कोल्हारच्या डॉक्टरांना दाखवलं. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या रविवारी, मी नगरहून गावी आलो तेव्हा सिस्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता घरीच ठेवा. जवळ राहा."

घरी आलो तर दादा बाजेवर पडून होते. उशी उंच केली होती. मला बघून म्हणाले, "पेपर जवळ आलं न्हाई का तुजं?"

"आलेत."

"मग कशाला आला? मी काय कुटं पळून चाललोय?"

आई चुलीपुढून म्हणाली, "पळून गेलं तर बरं हुईल. बाजेची दोरी तरी वाचंल." दादा हसले आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेना, तेव्हा आईनं त्यांची पाठ चोळली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

त्या आठवड्यात देवळातल्या सगळ्या मूर्तींवर जांभळी कापडं घातलेली असतात. मला लहानपणापासून त्यांची भीती वाटते. उन्हातून आत गेलं की डोळ्यांपुढं अंधारी येते आणि भिंतीशी माणसं तोंड झाकून उभी आहेत असं वाटतं. गुरुवारी संध्याकाळची मिस्सा झाल्यावर फादरनी वेदीवरचं कापड काढलं, मेणबत्त्या काढल्या, फुलदाण्या काढल्या. वेदीमागं जी छोटी पितळी पेटी असते, जिच्यात पवित्र भाकर ठेवतात आणि जिच्यापुढचा दिवा कधी विझत नाही, ती पेटी त्यांनी उघडी टाकली आणि दिवा विझवला. घंटेची दोरी वर गुंडाळून बांधली. आमच्याकडं गुरुवारपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत घंटा वाजत नाही. तिच्याऐवजी लाकडाच्या फळीवर लाकडी हातोडी आपटते असं एक यंत्र आहे. ते घेऊन मास्तर वस्तीतून फिरतात. मास्तर म्हणजे आमचे धर्मशिक्षक. ती खटखट ऐकली की लोक प्रार्थनेला येतात.

मग फादर आमच्याकडं वळून बोलले. तो उपदेश नव्हता, लिंबाखाली बोलत तसंच बोलले. "ही पेटी बघा," ते म्हणाले. "उघडी आहे आणि रिकामी आहे. उद्या प्रभू मरेल, आणि परवा दिवसभर हे घर असंच रिकामं राहील. वर्षात एकच दिवस असा असतो. शनिवारी आपण या देवळात येऊन हाक मारली, तर आतून उत्तर येणार नाही. हे रिकामपण तुम्ही सोसा. त्याच्यावर काही पांघरू नका."

मला ते आवडलं. कॉलेजात असलं काही ऐकलं की मी वहीत लिहून घेतो. आई माझ्या पुढं बायकांच्या बाजूला बसली होती. ती त्या उघड्या पेटीकडं बघत होती आणि तिनं पदराचं टोक दातांत धरलं होतं.

शुक्रवारी आमच्या वस्तीत घरचं माणूस गेल्यासारखं सुतक पाळतात. गुरुवारी रात्री जेवणं झाली की चुली विझवायच्या, त्या शनिवारच्या रात्रीपर्यंत पेटवायच्या नाहीत. शनिवारी रात्री देवळापुढं नवी आग पेटते, तिचा विस्तव घरी आणायचा आणि त्यावर चूल पेटवायची. शुक्रवारी दुपारी क्रूसावरची लाकडी मूर्ती काढून खाली चादरीवर ठेवतात, आणि म्हाताऱ्या बायका तिच्याभोवती बसून खरोखर रडतात. फादर नवीन आले तेव्हा त्यांना हे खटकलं होतं म्हणे. नंतर त्यांनी बोलणं सोडलं.

आई तिथून परत आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. तिनं मला दारात थांबवलं. दादांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलली.

"उद्या त्यांला जाऊ द्यायचं न्हाई."

मला कळलं नाही.

"आज गेलं तर चाललं आस्तं. परवा गेलं तर लई चांगलं. पर उद्या न्हाई. उद्या वर कोनी न्हाई. फादरच बोललं न्हाईत का? दार उघडंच हाय, आत कोन न्हाई, हाक मारली तर उत्तर न्हाई."

"आई, ते तसं म्हणाले नाहीत."

"मग कसं म्हनले?"

मी तर ते वहीत लिहून घेतलं होतं, आणि माझ्या वहीतही तेच होतं.

"तुज्या बापाचा जोडीदार आसाच गेल्ता," आई म्हणाली. "ह्याच सुताकाच्या शनवारी."

ती गोष्ट मला माहीत होती, पण वार माहीत नव्हता. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. राहात्याकडच्या एका मळ्यात विहीर खोदत होते. दादा वर रहाटावर होते आणि त्यांचा जोडीदार, आमच्याच वस्तीतला, खाली होता. एका बाजूची दरड बसली. सगळ्यांना वाटलं संपला, पण खालून पहारीचा ठोका यायला लागला. कुठून येतोय ते कळावं म्हणून काठावर सगळ्यांना गप्प केलं, बैलांच्या गळ्यातली घुंगरंसुद्धा काढली. दादा जमिनीला कान लावून पडून राहिले. दिवसभर माती उपसत होते. संध्याकाळी ठोका थांबला, आणि मग दुसऱ्या बाजूची दरडही बसली. मालकानं विहीर बुजवून टाकली. तो माणूस तिथंच राहिला. त्याला ना शवपेटी मिळाली ना क्रूस.

"सुताकाच्या दिवशी कामाला गेल्ते," आई म्हणाली. "म्हनून तो वर गेलाच न्हाई. तितंच हाय. कोन होतं त्याला न्यायला?"

शनिवारी सकाळपासून वस्तीत कसलाच आवाज नव्हता. त्या दिवशी आमच्याकडं कांडण नाही, दळण नाही, धुणं आपटणं नाही, खोदणं तर नाहीच. चूल बंद, त्यामुळं धूरही नाही. ऊन इतकं की कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीत निपचित पडली होती. मला घर नेहमीपेक्षा मोठं वाटत होतं. दादांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. श्वास घ्यायला वेळ लागायचा, सोडायला त्याहून जास्त. मध्ये एक थांबा पडायचा. तो थांबा आला की आई मोठ्यानं हाक मारायची, "आवं! आवं, इकडं बगा!" दादा डोळे उघडायचे. ती त्यांच्या ओठांवर पाणी सोडायची, हात चोळायची, काहीबाही विचारायची. शेळी कितीला घेतली होती, पोराच्या बारशाला कोण आलं होतं. दादा कधी उत्तर द्यायचे, कधी नाही. त्यांना ती झोपू देत नव्हती.

"थकलेत ते," मी म्हणालो.

"थकू दे. घंटा वाजंपत्तूर थकू दे. मंग झोपू दे पाहिजे तेवडं."

"फादरना बोलावू का?"

"खबरदार," आई म्हणाली. "फादर शेवटचं तेल लावत्याल. तेल लावलं की मानूस सुटतं. आनि आनत्याल काय ते? पेटी रिकामी हाय, तू सवता बगितली."

उन्हं कलायच्या आधी दादांनी एकदम मान वळवली. बाजेवरून खाली जमिनीकडं बघितलं आणि विचारलं, "कोन हानतंय?"

आईनं माझ्याकडं बघितलं.

"कोनी न्हाई. मास्तर फिरत आस्त्याल फळी घेऊन," ती म्हणाली.

"फळी न्हाई. पहार हाय." दादांचा आवाज बारीक पण स्पष्ट होता. "दगडावर पहार हानली का आसा आवाज येतो. तू काय मला शिकवती."

मी कान दिला. आधी काहीच नव्हतं. मग आलं. लांबून, बोथट, थांबून थांबून. मास्तरांची खटखट कोरडी असते आणि डोक्यावरून येते. हा आवाज पायांतून आल्यासारखा वाटत होता. मी स्वतःला सांगितलं, ओढ्यापलीकडं दुष्काळी कामावर खडी फोडतात, तोच असेल. मग आठवलं की ते काम आठवड्यापूर्वीच दुसऱ्या रस्त्यावर गेलंय. हे मी आईला सांगितलं नाही. तिनंही मला काही विचारलं नाही, पण तिनं आपले पाय जमिनीवरून उचलून बाजेच्या कडेच्या लाकडावर ठेवले.

"आजून हाय रं तो," दादा म्हणाले. "आजून हाय. दोर सोडा."

मी उठलो. आई म्हणाली, "कुटं?" मी म्हणालो, "पाणी आणतो." हे खोटं होतं. घागर भरलेली होती आणि ते तिला दिसत होतं. तिनं मला अडवलं नाही. तिनं माझ्याकडं पुन्हा पाहिलं असतं तर मी थांबलो असतो असं मला वाटतं, पण नेमका तेव्हाच दादांच्या श्वासाचा थांबा आला आणि ती हाक मारायला वळली.

देवळात फादर एकटेच बाकावर बसले होते. पुढं ती उघडी पेटी, भिंतीशी झाकलेल्या मूर्ती. प्रार्थना करत आहेत की नुसते बसले आहेत, कळत नव्हतं. मी सगळं सांगितलं. आई काय म्हणाली, तो जोडीदार, बुजवलेली विहीर, घुंगरं काढली होती ते, आणि ठोका. मला ठोका ऐकू आला हेही सांगितलं. सांगताना लाज वाटली, कारण फादर मला शिकलेला समजत.

ते हसले नाहीत. "असं ऐकलं का तिनं?" ते म्हणाले. त्यांनी पुन्हा त्या पेटीकडं बघितलं. मग म्हणाले, "बरोबर ऐकलं. मी अर्धंच बोललो होतो."

ते उठून वेदीमागच्या खोलीत गेले. तिथं भिंतीतल्या एका लहान कपाटापुढं दिवा जळत होता. मला हे माहीतच नव्हतं. फादर म्हणाले, "या दिवशी ही भाकर कुणालाच देत नाहीत. फक्त मरणाऱ्याला देतात. त्याच्यासाठी इथं ठेवलेली असते." त्यांनी ती छोट्या डबीत घेतली, डबी छातीशी धरली. वाटेत मास्तर भेटले. पवित्र भाकर नेताना पुढं छोटी घंटा वाजवत जायची रीत आहे. त्या दिवशी घंटा नाही, म्हणून मास्तर पुढं फळी वाजवत निघाले. मी मागून चाललो होतो. वस्तीतली माणसं दारात येऊन गुडघे टेकत होती, पण कुणी बोलत नव्हतं. त्या रिकाम्या उन्हात ती खटखट आमच्या घराकडं चालली होती आणि मला एकच वाटत होतं, दादा हे ऐकत असतील.

ते ऐकतच होते. आम्ही दाराशी आलो तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, "जवळ आला. वर येतोय."

आई दारात उभी राहिली. चौकटीला दोन्ही हात लावले. फादरपुढं मी तिला कधी मान वर करून बोलताना पाहिलं नव्हतं.

"फादर, आज नगा. पाया पडते. रातीला या, घंटा झाल्यावर या. मी धरून ठिवते तंवर."

"बाई, मी त्यांना पाठवायला आलो नाही."

"मग कशाला आलाय? तुमीच बोलला, आज तितं कोनी न्हाई."

"देवळात नाही म्हणालो. वर नाही, हेही खरं." फादर उंबऱ्यावरच खाली बसले, झग्यासकट, धुळीत. त्यामुळं आईला त्यांच्याकडं वाकून बघावं लागलं. "पण कुठं गेलाय ते मी सांगितलं नाही. रोजच्या प्रार्थनेत तुम्हीच म्हणता, मेल्यावर तो मेलेल्यांच्यात उतरला. वर नाही गेला, बाई. आधी खाली गेला. आजचा दिवस तो खाली असतो. जे अडकून पडलेत, ज्यांना कुणी काढलं नाही, त्यांना काढायला. शनिवारी जो मरतो त्याला वर हाक मारावीच लागत नाही. त्याला तो तिथंच भेटतो."

आई मग म्हणाली, "मग घंटा का बंद ठिवता?"

फादरनी माझ्याकडं एकदा बघितलं. "विहिरीत माणूस अडकला आणि त्याला काढायला दुसरा उतरला," ते हळू म्हणाले, "तर काठावरची माणसं काय करतात?"

उत्तर आतून आलं. "गप बसत्यात," दादा म्हणाले.

आईनं मागं वळून बघितलं. दादांनी तिच्याकडं हात केला. तो हात धड उचलतही नव्हता.

"तू हाका मारू नगं," ते म्हणाले. "मला खालचं ऐकू येत न्हाई."

आई चौकटीतून बाजूला झाली. ती रडली नाही. बाजेच्या पायथ्याशी जाऊन बसली, आणि तिनं तोंडावर पदर दाबून धरला, आवाज बाहेर पडू नये म्हणून.

फादरनी दादांच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. भाकरीचा अगदी बारीक तुकडा पाण्याबरोबर दिला. दादांनी तो गिळायला बराच वेळ घेतला. मग प्रार्थना झाली, आणि प्रार्थना संपल्यावर कुणीच हललं नाही. आम्ही सगळे गप्प होतो. बाहेर सगळी वस्ती गप्प होती.

त्या शांततेत ठोका आला.

मी मास्तरांकडं बघितलं. फळी त्यांच्या मांडीवर होती आणि त्यांनी हातोडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. मास्तर जमिनीकडं बघत होते. फादरही जमिनीकडं बघत होते. ठोका पुन्हा आला. या वेळी लांबून नाही, अगदी आमच्या सारवलेल्या जमिनीखालून आल्यासारखा. बाजेजवळच्या तांब्यातलं पाणी हललं असं मला वाटलं. ते खरं की नाही, मी शपथेवर सांगणार नाही. मला कॉलेजात पुरावा म्हणजे काय ते शिकवतात, आणि माझ्याकडं पुरावा नाही.

दादांचा चेहरा मात्र मला दिसला. त्या चेहऱ्यावर भीती नव्हती. काम नीट चाललंय की नाही हे बघताना ते जसे बघायचे, तसे बघत होते.

"सापडला," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "वढा आता."

त्यानंतर श्वासाचा थांबा आला. आईनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तिनं हाक मारली नाही. थांबा तसाच राहिला. बाहेर अजून दिवस होता. लिंबाच्या शेंड्यावर ऊन होतं. ठोका पुन्हा आला नाही.

रात्री देवळापुढं आग पेटली आणि घंटा वाजली. दोन दिवसांनी वाजली की ती नेहमीच जास्त मोठी वाटते. मी अंगणात बसलो होतो. आत दादांच्या उशाशी शेजारच्या बायका होत्या. मयत झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून विस्तव आणायला कुणी गेलं नव्हतं. आई बाहेर आली. म्हणाली, "जा, इस्तू घेऊन ये."

"आई, आपल्या घरात..."

"चुलीला न्हाई. त्यांच्या उशाला दिवा लावायचाय. ह्या इस्तवाचा."

मी खापरात विस्तव आणला. तिनं त्यावर दिवा लावला. मग मला जवळ बोलावून, बायकांना ऐकू जाणार नाही असं विचारलं, "तुला बी ऐकू येत हुतं?"

"हो."

"आता येतंय?"

आम्ही दोघांनी ऐकलं. बराच वेळ ऐकलं. घंटेचा शेवटचा घुमारा हवेत होता, तो गेल्यावर काहीच नव्हतं.

"न्हाई," मी म्हणालो. मी तिच्याशी नेहमी पुस्तकी बोलतो, पण त्या वेळी तिचाच शब्द तोंडून आला.

रविवारी सणाच्या दिवशी फादरनी पांढऱ्या झग्यात दादांना माती दिली. पुढच्या रविवारी ते लिंबाखाली आले, पण हंगामांबद्दल बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की शनिवारच्या रिकामपणाबद्दल मी तुम्हाला सांगितलं ते चुकीचं नव्हतं, पण ते काठावर उभ्या असलेल्या माणसाचं होतं. लोकांना काय कळलं असेल, सांगता येत नाही. मास्तर सगळ्यांच्या मागं उभे होते आणि त्यांनी मान खाली घातली होती. त्या ठोक्याबद्दल आम्हां चौघांत आजवर एक शब्द झालेला नाही.

आता पुन्हा राखेचा बुधवार जवळ आला आहे. कपाळाला राख लागेल, मूर्तींवर जांभळी कापडं येतील. परीक्षा यंदाही त्याच सुमारास आहे, पण त्या शनिवारी मी घरी जाणार आहे. गेल्या खेपेला घरी गेलो होतो तेव्हा आईनं आधीच बजावून ठेवलंय, "त्या दिवशी बूट काढून ये. भांडं वाजवायचं न्हाई, मोठ्यानं बोलायचं न्हाई."

"सुतक म्हणून?" मी विचारलं.

"सुताक कशाचं," आई म्हणाली. "खाली काम चालू आसतंय. कोनी ठोकलं, तर आपल्याला ऐकू नको याया?"